दोन वह्यांची देवघेव : आखाजीपासून पौषापर्यंतच्या श्रवणाची नोंद

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या मित्राने आणि मी एक गोष्ट ठरवली. दर महिन्याला प्रत्येकाने दुसऱ्याला आपल्या आवडीची चार ध्वनिमुद्रणे द्यायची, घेणाऱ्याने ती प्रत्येकी तीन वेळा ऐकायची आणि तिसऱ्या वेळेनंतरच आपले मत वहीत लिहायचे. तो रावेर तालुक्यात केळीची बाग करतो, मी अमळनेरला राहतो. जळगावला किंवा भुसावळला भेट झाली की पेन ड्राइव्हची आणि वह्यांची अदलाबदल होते. हिशेबाने आजवर 64 ध्वनिमुद्रणे व्हायला हवी होती, प्रत्यक्षात 51 झाली, कारण बागेची निसवण (केळीचे घड बाहेर पडणे) आणि पुढे कापणी यांत त्याचे दोन महिने जवळजवळ कोरडे गेले. जे स्वतःला मनापासून आवडते तेच द्यायचे, असा आमचा आणखी एक नियम आहे आणि तो आम्ही अजून मोडलेला नाही.

आमच्या आवडी एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत. माझ्या कपाटात मल्लिकार्जुन मन्सूर, केसरबाई केरकर, अब्दुल करीम खाँ, इजिप्तच्या गायिका उम्म कुलसुम आणि चेलो हे मोठ्या व्हायोलिनसारखे वाद्य वाजवणारे पाब्लो कासाल्स एकाच फळीवर नांदतात. त्याच्या मोबाईलमध्ये प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, कव्वाल नुसरत फतेह अली खान, कर्नाटक संगीत मेंडोलिनवर वाजवणारे यू. श्रीनिवास आणि लग्नातल्या बॅन्जो पार्ट्यांची त्याने स्वतः उतरवून घेतलेली मुद्रणे आहेत. तो गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. ही गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती. तिचे महत्त्व मात्र कळायला चार महिने लागले.

पहिल्याच महिन्यात मी त्याला मन्सूरांचा एक अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग दिला, 25 मिनिटांचा, आणि सोबत जयपूर-अत्रौली घराण्याची माहिती सांगणारी दोन पाने लिहून दिली. अल्लादिया खाँ, त्यांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, त्या दोघांकडे मन्सूरांना मिळालेली तालीम, हे सगळे त्या पानांत होते. त्याने ती वाचली, मुद्रण तीन वेळा ऐकले आणि वहीत लिहिले, ‘आवाज खरा आहे. पण आत शिरायला दार सापडले नाही.’ हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवले. मन्सूरांच्या गाण्यात राग बराच वेळ संथपणे मांडून ठेवलेला नसतो. चीज, म्हणजे बंदिश, लगेच सुरू होते, लय मध्यम असते, स्वरांची एक गुंफण संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि श्वास घ्यायला जागा मिळते ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ज्याने हे गाणे पूर्वी ऐकलेले नाही त्याला घराण्याचा इतिहास सांगून उपयोग नसतो. त्याला उभे राहायला एक जागा दाखवावी लागते, आणि ती मी दाखवली नव्हती.

चौथ्या महिन्यात मी वाट बदलली. आधी केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी दिली. 1977 साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत भारतातून निवडलेले संगीत म्हणून हीच भैरवी आहे आणि त्याच वर्षी केसरबाई गेल्या, एवढेच सांगितले. त्याला ती इतकी आवडली की त्याने ती बागेतल्या मजुरांनाही ऐकवली. त्यानंतर मन्सूरांची एक लहान चीज दिली आणि वहीत एकच ओळ लिहिली, ‘राग विसर, फक्त सम धर.’ पखवाजावर हात बसलेल्या माणसाला सम शिकवावी लागत नाही. आठ दिवसांनी रात्री त्याचा फोन आला, “सम सापडली भो!” मन्सूर समेवर येताना तान कशी अगदी शेवटच्या मात्रेपर्यंत ताणून धरतात आणि मग काहीच घडले नाही अशा सहजतेने मुखड्यात कसे मिसळतात, हे तो मला सांगत होता, आणि इतकी वर्षे ऐकूनही मी ते इतक्या नेमकेपणाने कधी शब्दांत मांडले नव्हते. पहिल्या महिन्यातले 25 मिनिटांचे मुद्रण त्याने स्वतःहून पुन्हा मागून घेतले.

माझ्या बाजूची प्रगतीही याच पद्धतीने झाली. नुसरत फतेह अली खान मी पूर्वी ऐकले होते, पण मुख्य गायकाच्या आवाजामागे धावत. मित्राने लिहून दिले, ‘पहिल्यांदा ऐकताना फक्त टाळ्या आणि मागची माणसे ऐक.’ तसे ऐकल्यावर त्या गायनाची घडण उलगडली: एक ओळ कोरस धरून ठेवतो, टाळ्यांची लय हलत नाही आणि त्या पक्क्या जमिनीवरून नुसरत सरगम घेऊन कितीही दूर जाऊन परत येतात. आपल्या भजनात मुख्य गायक अभंगाचा चरण फिरवत असताना टाळकरी धृपद सांभाळतात, त्याच जातीचे हे काम आहे. ही तुलना मला सुचलेली नाही, त्याच्या वहीतली आहे.

त्या वाटेनेच मी त्याला उम्म कुलसुमकडे नेले. त्यांच्या मासिक मैफली महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरो रेडिओवरून प्रक्षेपित होत आणि सारे अरब जग कानात प्राण आणून त्या ऐके. एकेक गाणे तासभर चाले, कारण त्या एकच ओळ श्रोत्यांच्या प्रतिसादावर पुन्हा पुन्हा आणि दर वेळी निराळ्या वळणाने गात. मुद्रणात श्रोत्यांचे ओरडणे स्पष्ट ऐकू येते. मित्राने लिहिले की भाषेचा एक शब्द कळत नसताना कोणत्या जागेवर दाद येणार हे दुसऱ्या वेळी आपल्याला आधीच समजू लागले. उत्तरात मी त्याला बालगंधर्वांचे एक पद दिले, कारण एका पदाला वन्समोअरवर वन्समोअर घेत नाटक पहाटेपर्यंत लांबवणारे श्रोते आपल्याकडेही होते. बालगंधर्वांचे लहानपणीचे काही दिवस जळगावात गेले आणि तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याची तालीम मिळाली, ही गोष्ट आमच्या भागातल्या रसिकांना सांगताना मला नेहमीच आनंद होतो.

बालगंधर्वांचे ते पद माझ्या घरच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेले होते, म्हणून समछंदी वाचकांसाठी त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलसाठी मिळणारी अल्कोहोल असलेली द्रावणे तिच्यावर कधीही वापरू नयेत. मी मऊ ब्रश, किंचित ओले सुती कापड आणि लगेच कोरडे कापड एवढेच वापरतो आणि मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देत नाही. या तबकडीची खोबण एलपीपेक्षा पुष्कळ रुंद असल्यामुळे सुईही वेगळी, साधारण तिप्पट जाड टोकाची लागते. एलपीची सुई लावली तर ती खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. दुसरी काळजी वेगाची. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या 78 फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहीत. साथीला पेटी असेल तर मी घरची पेटी घेऊन बसतो आणि तबकडीतला सूर दोन पट्ट्यांच्या मधेच पडत असेल तर वेग तपासून पाहतो. एका बाजूची जेमतेम सव्वातीन मिनिटे स्वच्छ उतरवायला माझी एक पूर्ण दुपार गेली. ती ऐकून मित्राने लिहिले, ‘तीन मिनिटांत एवढे मावते, मग आपण एवढा वेळ का घेतो?’ या प्रश्नावर आमचे अजून एकमत झालेले नाही. माझ्या मते अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गायक ती तीन मिनिटे भरून काढू शकला, कारण मैफलीत तासन् तास त्याने त्या रागाची मशागत केलेली होती.

श्रावणात मी एक वेगळा प्रयत्न केला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांकडे कानबाई ही खानदेशातली देवी बसली, तेव्हा रात्रभर बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी मी मोबाईलवर उतरवून घेतली. पहिला तास पंख्याच्या घरघरीत वाया गेला. मग फोन धान्याच्या कोठीवर उशीत रोवून ठेवला आणि आवाज स्वच्छ आला. माझी मोठी माय गाता गाता थांबून म्हणाली, “आमना गाना बी वहीमा लिखस का रे भाऊ?” मी होय म्हटल्यावर तिने आणखी दोन गाणी आठवून आठवून म्हटली. मित्राची बोली लेवा, बहिणाबाईंच्या गाण्यातली. अहिराणी त्याला कळते, पण तिचा हेल त्याच्या कानाला वेगळा लागतो. त्याने वहीत शब्दांविषयी फारसे लिहिले नाही. एका गटाने ओळ सोडायच्या आत दुसरा गट ती कशी उचलतो आणि मध्ये शांततेची फट कशी पडत नाही, याविषयी मात्र त्याने पानभर लिहिले. 51 ध्वनिमुद्रणांत मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान तेच आहे.

त्याला सर्वांत आवडलेला परका कलाकार कोण, हे आम्हा दोघांनाही अजिबात अवघड नाही. आफ्रिकेतल्या माली देशाचे गिटारवादक अली फार्का तुरे. मी काहीही न सांगता दिलेले हे एकमेव नाव होते आणि तिसऱ्या श्रवणानंतर त्याने लिहिले, ‘हा माणूस शेतातून उठून आल्यासारखा वाजवतो. घाई नाही.’ तेव्हा मी त्याला सांगितले की नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावात त्यांची खरोखरच शेती होती, ते स्वतःला आधी शेतकरी म्हणवत, त्यांनी मिळकतीचा पैसा गावच्या सिंचनाकडे वळवला आणि 2004 साली ते त्या गावाचे महापौर झाले. 1999 साली निघालेले त्यांचे एक मुद्रण गावातच जनरेटरवर यंत्रे चालवून केलेले आहे. हे ऐकून त्याने पुढचे दोन महिने माझ्याकडून दुसरे काही घेतले नाही; त्यांचीच आणखी मुद्रणे मागितली आणि मी ती आनंदाने दिली.

सगळेच जमले असे नाही. कासाल्स यांनी वाजवलेली जर्मन संगीतकार बाखची चेलो-रचना त्याला तिसऱ्या श्रवणानंतरही एकटी आणि कोरडी वाटली. तालवाद्य नाही, सम नाही, म्हणून मी दाखवलेली आधाराची जागा तेथे कामाची नव्हती. यू. श्रीनिवासांच्या मेंडोलिनच्या वाटेने पुन्हा प्रयत्न करावा असा विचार आहे, कारण एकट्या तंतुवाद्यावर सबंध राग उभा राहताना त्याने तेथे मनापासून ऐकला आहे. उलट बाजूने त्याच्या बॅन्जो पार्ट्या मला अजून दहा मिनिटांपलीकडे ऐकवत नाहीत. तरी ढोलाच्या दोन बाजूंचे बोल वेगळे काढून ऐकण्याचा त्याने सांगितलेला अभ्यास चालू आहे.

कुमार गंधर्वांचा अनुभव मात्र दोघांचा सारखा आला. क्षयातून उठलेल्या, एक फुप्फुस निकामी झालेल्या या गायकाने 1948 पासून देवासला राहून माळव्याची लोकगीते ऐकली आणि त्यांतून नवे राग घडवले. धुळ्यावरून जाणारा आग्रा रोडच पुढे इंदूर ओलांडून देवासला जातो. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर आणि निमाड लागते, त्यामुळे संत सिंगाजींची भजने मित्राच्या कानावर लहानपणापासून आहेत. कुमारांची निर्गुण भजने त्याला पहिल्याच श्रवणात आपली वाटली आणि तिसऱ्या वेळेची वाट न पाहता त्याने मत लिहिले. नियम मोडला हे मी त्याला सांगितलेले नाही. येथे वाचेल तेव्हा कळेल.

जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाची एक संध्याकाळ आम्ही शेजारी बसून ऐकली आणि तेथून मी थेट त्याच्या शेतावर मुक्कामाला गेलो. त्या आठवड्यात त्याच्याकडे थ्री-फेज वीज रात्रीची होती. मध्यरात्री मोटार सुरू केली, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलले आणि मोटारघरातल्या फळीवर छोटा स्पीकर ठेवून त्याच्याच भजनी मंडळाचे नवे मुद्रण लावले. पेटी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीचा षड्ज धरून, लावलेली होती. थोड्या वेळाने त्याने कपाळाला आठी घातली, स्पीकरजवळ कान नेला, मग मोटारीजवळ नेला आणि म्हणाला, “मोटार चढी लागते भो.”

ते अगदी खरे होते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असल्याने मोटारीची गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची असते, आणि पांढरी पाचचा मंद्र षड्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, 98 च्या जवळ येतो. दोन्ही सूर एकत्र वाजले की त्यांच्यात हेलकावे ऐकू येतात. आखाजीच्या वेळी सुराविषयी विचारले तर ‘ते तुझे खाते’ म्हणून जो विषय सोडून देई, त्याने हे हेलकावे कोणी न सांगता ओळखले होते. आम्ही स्पीकर उचलला, मोटारघराचे दार ओढून घेतले आणि केळीच्या दोन ओळींमध्ये पोत्यावर बसून तेच भजन पहिल्यापासून ऐकले. पहाटे वीज गेली तेव्हा पुढच्या महिन्याची त्याची यादी माझ्या वहीत लिहून झाली होती: विठ्ठल उमप दोन, यू. श्रीनिवास एक आणि चौथ्या जागी, ‘मन्सूर, मोठा, तू निवड.’