तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनार्ड बांधताना सगळ्यात अवघड काय?

घरी कॅनार्ड विमान बांधतोय असं सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो, "पंख बनवणंच सगळ्यात अवघड असेल ना?" आणि मी म्हणतो, नाही हो, ब्रेक. मग समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला काहीतरी भारी ऐकायचं असतं आणि मी चाकाजवळच्या दोन डिस्कबद्दल बोलायला लागतो. पण खरंच तसं आहे. ब्रेक, आणि ब्रेकच्या सोबत येणारे पेडल, केबल, स्टिक, पुशरॉड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. कॅनार्ड म्हणजे छोटा पंख पुढे, मोठा पंख मागे, आणि आपल्या प्रकारच्या विमानात इंजिन आणि पंखा पण मागेच, ढकलणारा. राइट बंधूंचं 1903चं विमान पण असंच, छोटे पंख पुढे असलेलं होतं. घरी बांधायची लाट आली ती अमेरिकी विमान डिझायनर बर्ट रुटानमुळे, त्याचं व्हॅरीइझी 1975 मध्ये उडलं, लाँग-इझी 1979 मध्ये, आणि 1985 मध्ये त्याने प्लॅन विकणं बंद केलं तरी लोक आजही तीच विमानं आणि त्यांच्यावरून निघालेली कोझीसारखी विमानं बांधतायत.

आता पंखांचं. फोमचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही टोकांना साचे लावायचे, गरम तारेने कापायचा, वर मायक्रो (रेझिनमध्ये काचेचे बारीक पोकळ गोळे मिसळलेली पेस्ट) फासायचं, ग्लास कापड पसरायचं, इपॉक्सी रेझिनने भिजवायचं. अंगाला खाज सुटते, दिवसभर उभं राहून पाय दुखतात, मदतीला माणूस लागतो. पण प्लॅनमध्ये पायरी पायरीने सगळं लिहिलेलं असतं आणि मुख्य म्हणजे चूक लपत नाही, दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा, जिथे हवा राहिली तिथे आवाज बद्द येतो. ब्रेकमधली चूक मात्र गॅरेजमध्ये गप्प बसते आणि रनवेवर 60 नॉटला (ताशी साधारण 110 किमी) बोलते.

ब्रेकला एवढं महत्त्व का, तर या विमानाचं पुढचं चाक स्टिअरिंगला जोडलेलंच नसतं. ते ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. डावीकडे वळायचं तर डावा ब्रेक, उजवीकडे तर उजवा. टेकऑफच्या सुरुवातीला रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) पुरेशी हवा येईपर्यंत पण सरळ राहायचं ते ब्रेकवरच, म्हणजे वेग वाढवायचाय आणि त्याच वेळी एका बाजूने थोडा मारायचाय, असा उफराटा कारभार. बाजूने वारा असेल तर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, एकच ब्रेक सारखा दाबत राहावा लागतो.

त्यात ही विमानं उतरतात जोरात. मागच्या पंखाला फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) लावले तर नाक खाली जायला बघतं आणि ते उचलून धरायची ताकद पुढच्या छोट्या पंखात नसते, म्हणून साधारण फ्लॅप नाहीतच. आणि पुढचा पंख आधी स्टॉल होईल, म्हणजे त्याची उचल आधी तुटेल, अशीच रचना असते, ती सुरक्षिततेसाठी उत्तम आहे, पण मागचा पंख कधीच पूर्ण क्षमतेला जात नाही त्यामुळे वेग जास्त राहतो. आता गणित करा, 60 ऐवजी 70 नॉटने टेकलात तर वेग फक्त 10 ने वाढला, पण ब्रेकला गिळायची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त वाढली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. लाँग-इझीच्या पोटाखाली एक फळी उघडते तिला लँडिंग ब्रेक म्हणतात, नाव ऐकून लोक फसतात, ती हवेत वेग मारायला आणि जरा तिरकं खाली यायला असते, जमिनीवर थांबायचं काम चाकांनाच करावं लागतं.

पेडलची गंमत मला सगळ्यात जास्त आवडते. रडर दोन, मागच्या पंखाच्या दोन्ही टोकांना उभ्या विंगलेटवर (छोटे उभे पंख), आणि प्रत्येक रडर फक्त बाहेरच्या बाजूला वळतो. डावं पेडल फक्त डाव्या रडरचं, उजवं फक्त उजव्याचं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही एकदम दाबलीत तर दोन्ही रडर बाहेर उघडतात आणि विमान हवेतच हळू होतं. आणि त्याच पेडलवर ब्रेक आहे! पहिल्या भागात केबल रडर ओढते, रडर शेवटाला टेकला की पुढच्या दाबाने मास्टर सिलिंडर (ब्रेकचं फ्लुइड चाकाकडे ढकलणारा पंप) दाबला जातो. हे जुळवणं म्हणजे खरी कसोटी. ब्रेक लवकर लागायला लागला तर रडर देता देता चाक पण आवळलं जातं आणि बाजूच्या वाऱ्यात तसंच टेकलात तर टायर गेलाच समजा. उशिरा लागला तर पाय संपतो पण ब्रेक लागत नाही, आखूड पायांच्या माणसाला तर फारच. त्यामुळे सीटवर बसून, नेहमीचे बूट घालून, जो उडवणार त्याच्याच पायाने हे सेट करायचं असतं, टेबलावर मोजून नाही.

केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून रडर परत आणायला स्प्रिंग लागते, आणि पेडलला पण. इथे लोक कंजूषी करतात. पेडल पूर्ण मागे आलं नाही तर मास्टर सिलिंडरचा पिस्टनही पूर्ण मागे येत नाही, रिझर्व्हॉयरकडे (फ्लुइडच्या डब्याकडे) जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, मग फ्लुइड तापून फुगलं की त्याला जायला जागाच नाही आणि ब्रेक आपोआप लागून राहतो, त्याने अजून तापतो, अजून आवळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारा चिमटा) खराब आहे आणि तो कॅलिपर खोलत बसतो.

आणि उष्णता हा या विमानांचा स्वतःचा असा आजार आहे. लाँग-इझी प्रकारात मागच्या चाकांचे पाय धातूचे नसतात, ग्लास आणि इपॉक्सीची एक मोठी कमान असते, लवचिक, छान. पण इपॉक्सी गरम झाली की मऊ पडते. लाल तापलेल्या डिस्कपासून ती काही इंचांवर असते, वर पुन्हा चाकांना फेअरिंग (वारा कापणारं आवरण) घातलं की हवा पण बंद. म्हणून पायाला इन्सुलेशन गुंडाळायचं, मध्ये पातळ धातूची शील्ड लावायची, आणि कॅलिपरजवळ प्लॅस्टिकची ब्रेक लाइन अजिबात ठेवायची नाही, ती वितळते. जोरात थांबल्यावर लगेच पार्किंग ब्रेक लावून चहाला जाणं हेही बंद. (विमान पांढरंच का रंगवता असं विचारतात त्याचंही उत्तर हेच, गडद रंग उन्हात तापतो आणि आतलं इपॉक्सी मऊ पडतं.)

फ्लुइड गाडीचं नाही, विमानाचं लाल हायड्रॉलिक. ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) त्याच तेलासाठी असतात, त्यात गाडीचं फ्लुइड ओतलं की त्या फुगून निकामी होतात. हवा काढायची ती खालून, कॅलिपरच्या निपलमधून फ्लुइड वर ढकलत, बुडबुडे वर जायला बघतात तर त्यांना त्यांच्या मर्जीने जाऊ द्या. पण एक लक्षात ठेवा, ही विमानं रिकामी असताना नाक जमिनीला टेकवून उभी करतात, कारण पायलट उतरला की वजन मागे जातं आणि विमान शेपटाकडे बसू शकतं. सिलिंडर पुढे पेडलजवळ असतील आणि नाक खाली असेल तर लाइनमधली सगळ्यात उंच जागा मागे जाते, बुडबुडा तिथेच बसतो आणि तुम्ही पुढून पंप मारत राहता. आधी नाक उचलून विमान लेव्हल करा.

हाताच्या कंट्रोलबद्दल थोडं. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) पुढच्या पंखावर, आणि स्टिक ओढली की तो खाली जातो, कारण पुढचा पंख जास्त उचलला की नाक वर. नेहमीच्या विमानाच्या बरोबर उलट. म्हणून तपासणीला मित्र आला की त्याला आधी हे सांगा, नाहीतर तो "अरे उलटं जोडलंय" म्हणून पुशरॉड (स्टिकला एलिव्हेटरशी जोडणारा दांडा) काढायला लावेल. एलिव्हेटरचं वजन पुढे-मागे संतुलित लागतं, नाहीतर फ्लटर (वेगात पट्टी जोरात फडफडणं), आणि रंग मागच्या कडेवर वजन वाढवतो, त्यामुळे रंगानंतर पुन्हा बॅलन्स बघायचाच. लोक रंगाआधी बघून मोकळे होतात.

कंट्रोलची जागा आपल्या सोयीने बदलायचा मोह सगळ्यांना होतो. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला गेला तो लाँग-इझी उडवताना. प्लॅनमध्ये इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या पायांमध्ये होता, बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता, आणि विमान डेन्व्हरने तयारच विकत घेतलेलं. चौकशीत दिसलं की तिथे हात न्यायला मागे वळलं की उजवा पाय आपसूक उजव्या पेडलवर दाबला जातो. बघा, व्हॉल्व्हचा प्रश्न पण शेवटी पेडलवरच आला.

सगळं जोडून झालं की लगेच जोरात टॅक्सी करायची घाई नको. नवीन पॅड आधी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे तापवून मुरवायचे असतात, मग थंड होऊ द्यायचे. सुरुवातीला चालण्याच्या वेगाने, मग थोडं जास्त, प्रत्येक फेरीनंतर थांबून डिस्कचा रंग, लाइनचे सांधे, पायाचं इन्सुलेशन बघायचं, फेअरिंग तोपर्यंत शेल्फवरच. आणि डिस्क गरम आहे का हे बोट लावून बघू नका, थर्मामीटर मिळतो.