कुडता, जॅकेट आणि शोल्डर होल्स्टर

आमच्याकडे गनचं लायसन्स असलेली निम्मी मंडळी कुडता-पायजम्यातली. म्हणजे बेल्टच नाही, मग कमरेचं होल्स्टर, म्हणजे गन ठेवायची म्यान, लावणार कुठं, नाडीला? त्यामुळे बरेच जण रिव्हॉल्व्हर सरळ कुडत्याच्या खिशात टाकतात नाहीतर गाडीच्या कप्प्यात, आणि दोन्ही मला बिलकुल पटत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये साफ लिहिलंय की पब्लिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा होल्डरमध्ये पाहिजे आणि पूर्ण झाकलेली पाहिजे. मग शोल्डर होल्स्टर, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांनी काखेखाली लटकणारं, आणि वरून नेहरू जॅकेट, हे आपल्या ड्रेसला बसतं.

पण नेटवर जे इम्पोर्टेड होल्स्टर दिसतात ते बहुतेक अमेरिकन पाच राउंडच्या (काडतुसांच्या) छोट्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचे असतात, आणि आपल्याकडे .३२ बोअरची, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची निर्भीक रिव्हॉल्व्हर नाहीतर त्यांचीच जुनी, दोन्ही सहा राउंडच्या, सिलिंडर जाड, बॅरल ७६ मिमी. बसली तरी एकतर घट्ट नाहीतर आत हलत राहते. शिवाय या गन वरून मोडून उघडतात, उघडायचा खटका मागच्या घोड्याजवळच (हॅमरजवळ) असतो, होल्स्टरचा वरचा पट्टा त्याच्यावर दाबून बसत नाही ना हे बघाच. २०२३ ला आलेल्या प्रबळ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडतं, तिथं हा प्रश्न नाही. एकाचं होल्स्टर दुसऱ्याला चालवू नका. दुकानात जाताना गन रिकामी करून घेऊन जा आणि ट्रिगर पूर्ण झाकला जातो का ते आधी बघा, बाकी चामड्याचा रंग बिंग नंतर.

आता आडवं की उभं. आडव्यात गन पटकन हाताला येते, सिनेमात तेच दिसतं, पण नळी कायम मागच्या माणसाकडे रोखलेली, लग्नाच्या पंगतीत मागं कोण बसलंय विचार करा. आणि छाती रुंद नसेल तर पुढून मूठ, मागून नळी, दोन्हीकडून जॅकेटला टेंगूळ येतं. मी अंगानं बारीक, म्हणून उभंच घेतलं, नळी जमिनीकडे. काढायला हात जरा जास्त उचलावा लागतो, उचलू की.

वजनाचं म्हणाल तर निर्भीक अर्धा किलो, प्रबळ सातशे ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या काखेत सहा काडतुसांचा पाऊच लावला तरी तो एवढा हलका की बॅलन्स होतच नाही. म्हणून पँटवाले खालचा पट्टा बेल्टला अडकवतात, आपल्याकडे तोही मार्ग बंद! मग खांद्यावरचे पट्टे रुंद पाहिजेत आणि पाठीवर जिथं क्रॉस होतात तिथं चामड्याचा तुकडा नीट फिरणारा पाहिजे, नाहीतर संध्याकाळपर्यंत मान धरते. बारीक नायलॉनचे पट्टे स्वस्त मिळतात पण घामात कातडी सोलतात.

चामडं घाम पितं, त्यामुळे रात्री गन त्यात ठेवू नका, गंज धरते, बाहेर काढून पुसून तेलाचा हात मारून लॉकरमध्ये. आणि एप्रिल-मे मध्ये जॅकेट घालून फिरणं आपल्याकडे शक्य नाही, आणि कार्यक्रमात गरम होतंय म्हणून जॅकेट काढलं की गन सगळ्यांसमोर, म्हणून त्या दिवसांत मी ती घरी लॉकरमध्येच ठेवतो.