रस्त्यावरची अरेरावी : त्याच्या वाट्याची आणि तिच्या वाट्याची

पलासिया चौकात गाडीला गाडी घासली की पुरुषाच्या वाट्याला काय येतं, हे इंदूरकरांना सांगायला नको. "देखके नी चल रिया क्या?", मग आईवरून शिवी, मग कॉलर. सगळं चारचौघांत, चढ्या आवाजात. कोणीच माघार घेतली नाही तर प्रकरण जिवावर बेततं. जगभरात खून होणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के पुरुष असतात, तेव्हा "पुरुषाला काय होतंय" हे म्हणणं चूक आहे.

बाईच्या बाबतीत मात्र आवाजच होत नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या गर्दीत कोपर लागतं, कानाशी काहीतरी पुटपुटलं जातं, स्कूटीमागची बाइक तिच्याच वेगाने वळणामागून वळण घेत राहते. शेजारून चालणाऱ्यालाही काही दिसत नाही. म्हणून घरी पहिला प्रश्न येतो, "तुला नुसतं वाटलं नसेल ना?" आई-बाबांनो, हा प्रश्न कृपा करून विचारू नका. पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, निमूटपणे क्लासची वेळ बदलेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील शेरा किंवा हावभाव कलम ७९ मध्ये येतो, अंगाशी झटणं ७४ मध्ये. दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता तपास करता येतो. तिच्या बाजूने कायदा भक्कम आहे, अडतं ते पुराव्यावर. पाठलागाच्या कलम ७८ मध्ये तर नकार दिल्यावरही पुन्हापुन्हा संपर्काचा प्रयत्न दाखवावा लागतो. म्हणून पहिल्याच वेळेपासून तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लिहून ठेवायचा. एमपी ०९ नंतरची अक्षरं आणि आकडेही हवेत. मागे कोणी असेल तर घराकडे वळू नये, पत्ता कळतो. पेट्रोल पंपावर किंवा उघड्या दुकानात थांबून ११२ लावावा.

पुरुषाचं नेमकं उलटं. साक्षीदार ढीगभर, पण साधी मारहाण अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हाड मोडलं किंवा दात तुटला तर ती गंभीर दुखापत, आणि ती दखलपात्र आहे. तोंडावर ठोसा बसला असेल तर हळद लावून झोपू नये, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा.

दुकानाच्या सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, ते दुसऱ्याच दिवशी मागावं. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची.