हातातला डाव बरोबरीत का सोडला?

बुद्धिबळाची स्पर्धा संपून इतके दिवस झाले, तरी भेटेल तो हेच विचारतो. वर पुरवणी असतेच: 'डी४ खेळणारे असेच, बरोबरीवर समाधानी.' डी४ म्हणजे पहिल्याच चालीत वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे; पटावरचं प्रत्येक घर असं अक्षर-आकड्यानं ओळखतात.

आधी ही पुरवणी खोडते. १९२७च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कापाब्लांका आणि अलेखिन यांचे ३४ डाव झाले, त्यांतले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे डी४नंच सुरू होणारी एक सुरुवात. २५ बरोबरीत सुटले, मान्य. पण शेवटचा डाव अलेखिननं ८२ चालींपर्यंत ताणला आणि जिंकला. वजिराच्या प्याद्याला बोल लावू नका.

मी तीच सुरुवात एक्स्चेंजच्या वळणानं, म्हणजे मधल्या प्याद्यांची लवकर मारामारी करून, खेळले. ए आणि बीची प्यादी रेटत मायनॉरिटी अटॅक केला, म्हणजे माझी थोडी प्यादी त्या बाजूच्या जास्त प्याद्यांवर सोडली, आणि काळ्याचं सी६चं प्यादं उघडं पाडलं. तीन तास त्या एका प्याद्यामागे होते. वजीर गेले, घोडे-उंट गेले. उरला एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. माझा हत्ती सी१वर, समोर सी६, मधे कुणी नाही, राखायलाही कुणी नाही.

हात उचलेना. मी सी६ मारलं की प्रतिस्पर्ध्याचा हत्ती बी८वरून बी१वर, शह. माझा राजा एच२वर. मग त्याचा हत्ती बी२वर आणि रोख माझ्या एफ२च्या प्याद्यावर. तेवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. माझ्याकडे ९ मिनिटं होती, त्याच्याकडे २. मी प्यादं न मारता राजा एफ१वर सरकवला, 'बरोबरी?' म्हटलं, घड्याळ दाबलं. त्यानं सी६कडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लगेच हात पुढे केला.

घरी पट मांडला. एच२वरचा राजा जी३वर आला की एफ२ राखलं जातं. बस्स, एक चाल. वजीर गेले की राजाला बाहेर काढायचं, हे मी इतरांना कितीदा सांगितलंय.

तरी सांगते, हत्तींच्या शेवटात एक प्यादं जास्त म्हणजे विजय नव्हे. तुम्ही म्हणता तितका तो डाव जिंकलेला नव्हता. पण त्या ८२ चालींच्या डावातही अखेरीला हत्तीच होते आणि अलेखिनकडे एकच प्यादं जास्त होतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

पुन्हा तीच स्थिती आली तर मारीन का? मारीन, असं आज म्हणते. त्या दिवशी डावाला बसतानाही हेच म्हणाले असते.