खाजनातले राजहंस

ग्रंथपालाकडे लोक रहस्यकथा मागतात, दिवाळी अंक मागतात, स्पर्धा परीक्षांची गाईडं मागतात आणि पावसाळ्यात ओली छत्री ठेवायला जागा मागतात. पंचायतीच्या जैवविविधता समितीने माझ्याकडे काही मागावं, असं कधी घडलं नव्हतं. 2002च्या जैविक विविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. आमच्या गावची नोंदवही करायला प्राणिशास्त्र शिकलेली एक मुलगी आली होती. तिने सरळ विचारलं, "बाई, या खाडीत पूर्वी काय काय होतं, ते कुणी कुठे लिहून ठेवलंय का?"

मी तिला हस्तलिखितांच्या कपाटापाशी नेलं.

आमचं गाव गोव्यातल्या जुवारी नदीच्या मुखाजवळचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजन म्हणजे बांध घालून राखलेली जमीन, मध्ये देऊळ, बाजार आणि हे वाचनालय. पोर्तुगीज काळात गावातली लिहिती मंडळी इथे हस्तलिखित मासिक काढायची. एकच प्रत, ती टेबलावर ठेवायची, ज्याला हवी त्याने तिथेच बसून वाचायची. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याच्या अमदानीत छापायचं म्हटलं की मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. हाताने लिहिलेल्या वहीमागे कोण लागणार? तरी राजकारण त्यात जवळजवळ नाहीच. कविता आहेत, नाट्यप्रवेश आहेत, आणि मासे, मिठागरं, बांध, पाऊस यांवरचे लेख मात्र ढिगाने आहेत. माझा आपला एक कयास आहे. ज्याबद्दल बोलायचं ते बोलता येत नव्हतं, म्हणून ही माणसं खाडीबद्दल इतकं बारकाईने बोलली असावीत.

मुलीने दोन अंक निवडले आणि पंचायतीच्या सभागृहात जाणत्यांसमोर ते वाचून दाखवायचं ठरलं. वाचायचं काम माझ्याकडे आलं. सभेला मासळी विकणाऱ्या दोन मावश्या होत्या, मिठागरवाले होते, आणि पूर्वी बरीच वर्षं मानस, म्हणजे बांधातली मोरी, मासेमारीसाठी लिलावात घेणारे एक आबा होते. एका जुन्या कवींचे नातूही आवर्जून आले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन.

पहिली त्यांच्या आजोबांची कविता वाचली. चांदण्यातली खाडी, भुजंगप्रयात अगदी चोख. त्यात कमळं होती, चक्रवाकाचा विरह होता आणि राजहंसांची एक जोडी होती. मुलीने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. चक्रवाक एक वेळ हिवाळी पाहुणा म्हणून चालवून घेता येईल, पण खाऱ्या पाण्यात कमळ कुठून येणार? एक मावशी दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघी पदराआड हसल्या. नातवांनी ते पाहिलं.

मला त्या कवींचा राग येत नाही. फादर स्टीफन्सने 1616 साली सासष्टीत बसून क्रिस्तपुराण छापलं, त्यात मराठीची थोरवी गाताना फुलांत मोगरी घेतली, पक्ष्यांत मोर घेतला, पण झाडांत निवडला तो कल्पतरू. दारात माड उभे असताना! कवितेची रीत जुनी आहे आणि ती मोडायला धाडस लागतं. बाकीबाब बोरकरांची कविता आम्हाला आपली वाटते, कारण तिच्यातलं पाणी, माड, पाऊस हे सगळं इथलं आहे.

दुसऱ्या अंकात 'एक खाजनकर' या टोपणनावाने लिहिलेला गद्य लेख होता, मानशीवरच्या एका रात्रीचा. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. पावसात तिथे कोरगुटसारखं खारं सोसणारं भात होतं. बांधातली मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दार आपसूक बंद होतं; ओहोटी लागली की आतलं पाणी जोर करतं आणि दार उघडतं. त्या सुटत्या पाण्याच्या तोंडाशी जाळं लावायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला शेवटे, काळुंदर हे मासे आणि सुंगटं म्हणजे कोळंबी भरपूर सापडतात. तेवढ्यासाठी मानशीचा लिलाव होतो.

लेखात पौष अमावास्येची रात्र होती. पाणमांजरांचं एक जोडपं भर भरतीत येऊन जाळं फाडून गेलं, असं लेखक सांगत होता. मी तिथवर पोचते न पोचते तोच आबांनी हात वर केला.

"तें तशें न्हय, बाय."

सभागृह त्यांच्याकडे वळलं. भरतीला दार बंद असताना जाळं लावतो कोण? आणि जोडपं कसलं? पाणमांजरं येतात ती घरदार घेऊन, पाच-सहा, पिल्लं मध्ये घालून. एकजण शिट्टीसारखा आवाज काढतो, बाकीची पाण्यात मासे घेरतात. एवढं सांगून त्यांनी लेखकालाही निकालात काढलं, "तो मानशीर येतालो नुस्तें व्हरपाक." म्हणजे फुकटचे मासे न्यायला यायचा. मावश्या आता उघड हसल्या.

समितीचे सचिव तेवढ्यात म्हणाले, "बघा, म्हणूनच सांगत होतो. हे साहित्य. ते सरकारी नोंदवहीत कसं घालायचं?"

मला राहवलं नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात सुरू झाला. तिथे सुरुवातीला निघालेल्या पुस्तकांतलं एक गार्सिया द ओर्ताचं, 1563 सालचं, इथल्या औषधी आणि झाडपाल्यावरचं. हा वैद्य इथेच राहिला, इथेच वारला. ते पुस्तक त्याने चक्क संवाद म्हणून रचलं. एक कल्पित विद्वान ग्रीक-अरबी ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला गोव्यात स्वतः पाहिलेलं, चाखलेलं सांगतो. म्हणजे आमच्याकडे निसर्गाचं शास्त्र छापलं गेलं तेच मुळी दोन पात्रांच्या गप्पांतून. सचिवांनी घड्याळ पाहिलं. मी पुढचा उतारा वाचायला घेतला.

तो उतारा असा होता की, सकाळी लेखक मानशीच्या कडेच्या दगडावर बसायला गेला तर दगडावर पाणमांजराची घाण. काळपट, ओली, कुर्लीच्या कवचाचे तुकडे आणि खवले यांनी भरलेली. त्याने धोतर सावरलं आणि दुसरा दगड शोधला. मुलीने इथे मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. तिचं म्हणणं होतं, जोडपं खोटं असेल, भरती खोटी असेल, पण हा दगड खरा आहे. मलाही पटलं. शोभेसाठी कुणी विष्ठा लिहीत नाही.

दुपारी ओहोटी होती. आबा, मुलगी, मी आणि उन्हाला शिव्या घालणारे सचिव असे बांधावरून निघालो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी माजली होती, आतल्या अंगाला भात कापून झालेलं रान. एका जागी बांध नुकता डागडुजी केलेला, चिरे अजून लालभडक. मानशीचं दार आता जुन्या मापाचं राहिलेलं नाही, पण कडेचे दगड तेच आहेत, असं आबा म्हणाले.

दगडावर काही नव्हतं. त्याच्या पलीकडे, बांधाच्या नाकाडावर, गवत चेंगरून गुळगुळीत झालेलं होतं आणि तिथे तीन-चार जागी राखाडी पडलेले पुंजके होते. मुलगी गुडघ्यावर बसली. काडीने एक पुंजका मोडला. आत खवले, नखाएवढे, उन्हात चमकणारे. कुर्लीच्या पायाची नारिंगी सालं. सुंगटाची एक लांब मिशी, अख्खी. वास विसरलेल्या सुकटीच्या डब्यासारखा. खाली ओल्या चिखलात पावलं होती. पाच बोटं, मधल्या पडद्याची अंधूक रेघ. भारतातल्या पाणमांजराच्या तीन जातींपैकी ही कळपाने राहणारी, खारफुटीत आणि खाजनात रमणारी, असं तिने सांगितलं. आबांना जातीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पुंजके मोजले, खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कालची न्हय. परवाची."

नोंदीचा तक्ता भरताना अडलं ते 'माहितीचा स्रोत' या रकान्यात. हस्तलिखित मासिकाला तिथे जागाच नाही. बऱ्याच घोळानंतर मुलीने आबांचं सांगणं, लेख आणि बांधावरची खूण असे तिन्ही स्रोत वेगवेगळे लिहिले आणि लेखाने भरतीबद्दल केलेली चूकही प्रामाणिकपणे टिपली. सचिवांनी सही केली.

संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या वेळेला कवींचे नातू आले. फुटपाथावर चप्पल आपटत थोडा वेळ घुटमळले, मग आत येऊन म्हणाले, "आजोबांचे राजहंस तुम्ही गाळलेत."

मी म्हटलं, "अहो, खाजनात राजहंस कोण मानणार?"

"होते. भाटकाराच्या बागेत पाळलेले होते. बांधावर चरायला यायचे. माझ्या वडिलांच्या पोटरीला चावल्याचा व्रण शेवटपर्यंत होता." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "सकाळी त्या मावश्या हसल्या म्हणून गप्प बसलो."

मी मुलीला फोन लावला. ती खो खो हसली, मग म्हणाली, नोंदवहीत पाळीव पशुपक्ष्यांचा भाग वेगळा आहे, उद्या त्यांना पाठवून द्या, आणि कोणत्या पोटरीला चावला तेही विचारून ठेवा.

"डाव्या," नातू लगेच म्हणाले.