तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना ‘कदाचित’ केव्हा समजते?

मी लहान मुलांबरोबर काम करते हे कळले की पालक हा प्रश्न हमखास विचारतात. एखादे वय सांगून मला तो मिटवता येत नाही, कारण शक्यता समजणे यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम आपल्या अपेक्षेच्या उलटा आहे.

झाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या बालमानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये असे मांडले होते की सुमारे सातव्या वर्षापर्यंत मुलांना योगायोग आणि अटळ घटना यांतला भेद कळत नाही. पुढे २००८ मध्ये फेई शू आणि वश्ती गार्सिया यांनी आठ महिन्यांच्या बाळांसमोर एका पेटीतून न पाहता चार पांढरे आणि एक लाल असे पाच चेंडू काढले, आणि मग पेटी उघडून दाखवली, तर आत बहुतेक चेंडू लाल होते. पेटीतले चेंडू बहुतेक पांढरे असताना बाळे जितका वेळ पाहत, त्याहून अधिक वेळ ती या विसंगत दृश्याकडे पाहत राहिली. प्रमाणाची जाण बोलण्याच्याही आधी येते, हे मला आजही विलक्षण वाटते.

दोन शक्यता एकाच वेळी मनात धरणे मात्र फार उशिरा जमते. जोनाथन रेडशॉ आणि थॉमस सुडेनडॉर्फ यांनी २०१६ मध्ये मुलांसमोर वर एक आणि खाली दोन तोंडे असलेली नळी ठेवली; वरून सोडलेली वस्तू खालच्या कोणत्याही तोंडातून पडू शकत होती. दोन वर्षांच्या बहुतेक मुलांनी एकाच तोंडाखाली हात धरला, तर चार वर्षांच्या बहुतेकांनी दोन्ही हात दोन्हींखाली धरले. मी पुठ्ठ्याची तशीच नळी केली, तेव्हा एका तीन वर्षांच्या मुलाचा चेंडू हुकला. पुढच्या खेपेला त्याने तोच हात दुसऱ्या तोंडाखाली नेला. दुसरा हात मोकळाच होता. माझ्या मते तो निष्काळजी नव्हता. त्याने एक भविष्य निवडले होते आणि ते हुकल्यावर त्याच्या जागी दुसरे ठेवले, पण दोन्ही शेजारी-शेजारी ठेवणे त्याला अजून साधले नव्हते.

चार वर्षांनंतरही हे काम पुरे होत नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि सुझन कॅरी यांना २००७ मध्ये असे दिसले की लहान मुले पलंगाखाली मगर सापडण्यासारखी दुर्मीळ गोष्टही थेट अशक्य ठरवतात.

‘कदाचित बाहेर जाऊ’ असे सांगितल्यावर जाणे झाले नाही, की तीन वर्षांचे मूल फसवले गेल्यासारखे रडते, आणि पालक त्याला हट्ट म्हणतात. त्याने बहुधा ‘जाऊ’ एवढेच धरून ठेवलेले असते, असे मला वाटते. म्हणून या वयाच्या मुलांशी बोलताना मी ‘कदाचित’ टाळते आणि दोन्ही वाटा वेगवेगळ्या सांगते: पाऊस आला तर घरात खेळू, नाही आला तर बाहेर जाऊ.