टाकीतल्या मॉलींचे आजारपण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोंड्यात वादळी पावसामुळे रात्री दहाला गेलेली वीज सकाळी आठला आली, आणि त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या माशांच्या ६० लिटरच्या टाकीतल्या मॉली पाण्याच्या वरच्या थराला चिकटून तोंडे उघडू-मिटू लागल्या. मी तडक दुकान गाठले, ‘मासे आजारी आहेत’ एवढेच सांगितले आणि हाती आलेले निळे औषध टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी दोन मॉली मेल्या.

खरे तर त्यांना कोणताही रोग झालेला नव्हता. फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढलेले असतात. त्यांना प्राणवायू असलेले वाहते पाणी सतत लागते. दहा तास फिल्टर बंद राहिल्यावर त्यांतले बरेच मेले, आणि उरलेल्यांना माझ्या निळ्या औषधाने संपवले. अमोनिया मोजायच्या टेस्ट किटच्या नळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब टाकले तेव्हा पिवळे राहायला हवे होते ते पाच मिनिटांत गडद हिरवे झाले, म्हणजे विषारी अमोनिया साचला होता. ही तपासणी दुकानात जाण्यापूर्वी करायची असते, हे मला दोन मॉली गमावल्यावर कळले.

“भावजी, अर्धे पाणी एकदाचे काढून नळाचे भरा,” असे वहिनींनी सुचवले. सल्ला सरळ वाटला तरी आमच्या बाबतीत तो घातक ठरला असता. जांभ्या दगडातल्या आमच्या विहिरीचे पाणी मऊ आणि आम्लधर्मी असल्याने टाकीचा पीएच सहाच्या आसपास होता. अशा पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे त्या मानाने निरुपद्रवी, रूपात राहतो. त्यात साडेसात पीएचचे नळाचे पाणी एकदम भरले असते तर उरलेल्या अमोनियाचा विषारी भाग कित्येक पटींनी वाढला असता. म्हणून मी विहिरीचेच पाणी घेऊन रोज पाव टाकी बदलली, माशांना खाणे घालणे बंद केले आणि एअर पंप अखंड चालू ठेवला. सहाव्या दिवशी नळीतला रंग पिवळा आला.

त्यानंतर मात्र खरा रोग आला. टॉर्च तिरका धरून पाहिले तेव्हा एका मॉलीच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पाच-सहा पांढरे ठिपके दिसले, आणि ती दगडाला अंग घासत होती. कापसासारखा पुंजका असता तर बुरशीचा, सोनेरी धूळ असती तर वेल्व्हेट नावाच्या रोगाचा संशय घेतला असता. हे कण सुटे आणि उठावदार होते, म्हणजे व्हाइट स्पॉट. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी कवच करून विभागतो आणि त्यातून शेकडो पिले पोहत बाहेर पडतात. औषध किंवा मीठ लागू पडते ते याच पिलांवर. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार थांबवणे ही पक्की चूक आहे.

मॉलीला मीठ चांगले सोसते, म्हणून मी रंगीत औषधाच्या वाटेला गेलो नाही. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, घेऊन ठेवलेले आगरवाड्याचे खडे मीठ घरात होतेच. वाळू आणि दगड वजा जाता टाकीत ५० लिटर पाणी भरते. लिटरला दोन ग्रॅम या हिशोबाने १०० ग्रॅम मीठ मगमध्ये विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांनी घातले, आणि हीटर दिवसाला एक-दोन अंश वाढवत ३० वर नेला. उष्णतेने परजीवीचे चक्र लवकर पुरे होते. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पंपाचे बुडबुडे जास्त सोडले. एक दिवसाआड वाळूतला गाळ नळीने ओढून घेतला आणि जेवढे पाणी काढले तेवढ्याचेच मीठ मोजून परत घातले. पाणवनस्पती मी आधीच काढून वेगळ्या बादलीत ठेवल्या होत्या, कारण त्यांना मीठ मानवत नाही. कॅटफिश असते तर इतके मीठ घालायला मीही धजावलो नसतो.

शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठ दिवस मीठ चालू ठेवले आणि मग पाणी बदलत बदलत ते उतरवले. दुपारच्या हुमणाला बांगडे साफ करता करता वहिनी टाकीकडे बघून हसतात, ते वेगळेच. आता टाकीशेजारी बॅटरीवर चालणारा पंप आहे, आणि विकत आणलेल्या दोन नव्या मॉली, रोगाची शंका नको म्हणून, पडवीतल्या बादलीत वेगळ्या आहेत. तिथे त्यांचा अजून एक आठवडा मुक्काम बाकी आहे.